उलटा ठेवलेला पाय

४ जानेवारी

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद आहेतच, दर वेळी लिहून शाई कशाला घालवू?

फोन न करता पत्र का, ते आधी सांगते. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस. ऐकतेयस की दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर चालवतेयस, मला कळत नाही. पत्रात निदान वाक्य पुरं करावं लागतं. शिवाय आमच्या वर्कशॉपमध्ये फोनवर बोललेलं सगळ्यांच्या कानावर जातं, आणि हे मला कोणाच्या कानावर जायला नकोय.

तुमची कंपनी म्हणे अडलेल्या संस्थांना निर्णय घ्यायला मदत करते. तुझ्या बाबाला विचारलं, मदत म्हणजे नक्की काय? तर म्हणाला, “इंजिनिअर झाली आणि आता लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेते.” भाऊ माझाच आहे, पण तोंड बघ.

तर आम्ही अडलोय. सव्वीस वर्षं कृत्रिम पाय बनवतोय. प्रत्येकाचं माप घेऊन, प्रत्येकाचा वेगळा साचा काढून. पण आज पाय मागायला आलेल्या माणसाला तो आठ महिन्यांनी मिळतो. मोठी माणसं थांबतात. मुलं थांबत नाहीत, ती वाढतात. गेल्या आठवड्यात एका मुलीला नवा पाय घातला आणि तो आखूड निघाला. मोजताना चूक नव्हती, मधल्या काळात पोरगी उंच झाली होती. तिची आई काहीच बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यात मोठ्या हॉस्पिटलने निरोप पाठवलाय. ते ठरावीक मापांचे तयार पाय देणार, आम्ही फक्त बसवून द्यायचे. जागा त्यांची, रांग झटक्यात कमी. मार्चअखेर कळवा म्हणतात. निम्मे विश्वस्त हो म्हणतात, निम्मे म्हणतात की मापाने पाय हीच आपली ओळख. अध्यक्ष म्हणतात फक्त मुलांचं काम ठेवू. मला विचारशील तर तिन्ही करावं.

येतेस का?

आत्या

~

११ जानेवारी

ती. आत्या,

पत्र मिळालं. बाबांनी केलेलं वर्णन चुकीचं नाही. पगाराचा त्यांचा अंदाज मात्र जास्त आहे.

आमची कंपनी वर्षाला एका संस्थेचं काम फी न घेता करते. मी तुमचं नाव दिलं, आणि संस्थेची प्रमुख माझी आत्या आहे हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. म्हणाले, “तिथे तुला खरं बोलता येईल का?” मी हो म्हटलं. त्यांनी अर्ज मंजूर केला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आम्ही उत्तरं घेऊन येत नाही. गुंत्यात नेमका कोणता प्रश्न अडकलाय ते शोधतो, तो कोणी सोडवायचा आणि कधीपर्यंत ते ठरवायला लावतो, आणि ठरलं की सोमवारी सकाळी कोण काय वेगळं करणार हे विचारतो. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक बैठकांमध्ये शांतता पसरते.

तुझ्या पत्रात इच्छा तीन आहेत, निर्णय एकही नाही. ‘तिन्ही करू’ हा निर्णय नसतो. तूच मला लहानपणी म्हणायचीस, एक ना धड, भाराभर चिंध्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात येते. तुझा पाय अजून वाजतो का?

तुझी,
मोजपट्टी

~

१६ जानेवारी

चि. मोजपट्टी,

वाजतो. दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता. पण लोक आठ-आठ महिने थांबलेत आणि ताईंनी स्वतःचा पाय आधी करून घेतला, असं कोणी म्हणायला नको. आणि आवाजाचा फायदाही आहे. मी दाराशी पोचायच्या आत सगळे कामात बुडालेले असतात. इतकं शिस्तीचं वर्कशॉप तू पाहिलं नसशील.

तुमच्या साहेबांची प्रश्नावली आली. ‘जर मागणी दुप्पट झाली तर?’ ‘जर हॉस्पिटलने अट बदलली तर?’ ‘जर प्रमुख व्यक्ती काही काळ उपलब्ध नसेल तर?’ आत्याबाईला मिशा असत्या तर! तुझ्या आत्याला मिशा नाहीत, त्यांना कळव. शेवटच्या प्रश्नापुढे मी लिहिलंय: ‘मी रोज येते.’

ज्यांच्याशी तुझी ओळख करून देईन त्यातली माणसं दोनच लक्षात ठेव. साचेवाले दादा पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. आणि एक चष्मेवाली मुलगी आहे, बारा वर्षांपूर्वी शिकायला आली ती राहिलीच. हात चांगला आहे तिचा. तोंडावर म्हटलं नाही कधी, डोक्यात हवा जायची.

जाड पांघरूण आणू नकोस, आहे.

आत्या

~

२ फेब्रुवारी

ती. आत्या,

सुखरूप पोचले. पाहुणचाराबद्दल आभार. पांघरूण खरोखर जाड होतं.

आता कामाचं. एका पायाचा प्रवास मी माप घेण्यापासून घरी जाईपर्यंत मागे लागून पाहिला. साचा, उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट, खालचा सांगाडा, पाऊल, पट्टे. सगळं जुळवायला साधारण तीन आठवडे लागतात. कुठेही उगाच वेळ जात नाही. तुमचे लोक चांगलं काम करतात. रांग लागते ती पुढे, तयार पाय ठेवायच्या लांब फळीपाशी. पाय तिथे पोचतो आणि थांबतो. तो थांबला की पुढच्याचा सांगाडा, मग त्याच्याही पुढच्याचा साचा, सगळंच मागे तुंबतं. आठ महिन्यांचा बराचसा भाग फळीवर जातो. या मुद्द्यावर तू विचार करावास असं मला वाटतं.

सगळ्यांशी एकेकट्याने बोलले. प्रत्येकाला विचारलं, एखादी गोष्ट पटली नाही तर कोणाला सांगता? “ताईंना.” कसं सांगता? यावर सगळे हसले. साचेवाले दादा म्हणाले, “आमच्यात मतभेद नसतात हो.” जिथे मतभेद नसतात अशी संस्था मी अजून पाहिलेली नाही. पण लिहून घेतलं.

चष्मेवाली कमी बोलते. मला ते आवडलं.

तुला एक सुचवते, प्रयोग म्हणून. फक्त एक महिना. फळीवरच्या ज्या पायाबद्दल कोणाचीच हरकत नाही तो लगेच पाठवायचा. ज्याबद्दल हरकत आहे तेवढाच तू तपासायचा. महिन्याने आकडे पाहू, मग हॉस्पिटलला काय उत्तर द्यायचं ते ठरवणं सोपं जाईल.

ता. क. निघायच्या दिवशी सकाळी तू यायच्या आधी फळी नीट लावून ठेवली. तीन-चार पाय उलटे उभे होते, तळवा वर आणि भार सगळा सॉकेटच्या कडेवर. असे फार दिवस राहिले तर कड वाकते आणि मग ती माणसाला टोचते. कोणाला सांगत बसले नाही, सरळ करून ठेवले.

तुझी,
मोजपट्टी

~

७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

तुझं पत्र एका दमात वाचलं, म्हणजे ता. क. सोडून. तेव्हा दारात हॉस्पिटलचा माणूस उभा होता.

तू म्हणतेस ते अगदी खरं. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं, फळी अपुरी पडते. सुताराला त्याच दिवशी बोलावलं. दुसरी फळी समोरच्या भिंतीला, पहिलीपेक्षा हातभर लांब. काल लागली. काय छान दिसते! बघ, तुझं ऐकायला मला वेळ लागला का? अध्यक्षांनाही सांगितलं, आमच्या मुलीने नाडी बरोबर पकडली.

तुझ्या प्रयोगाचं बघते. मी न पाहता पाय पाठवायचा म्हणजे जिवावर येतं. तुला माहीत नाही, माझा पहिला पाय कोणी तपासला नव्हता. सोळा वर्षांची होते. सहा महिने रक्त येत होतं आणि सगळे म्हणत होते, सवय होईल. तेव्हाच ठरवलं, आपल्या हाताखालून एकही पाय असा जाणार नाही.

पण तू म्हणतेस तर महिनाभर करू.

आत्या

~

१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

फळीची लांबी हा प्रश्न नव्हता. मी अधिक स्पष्ट लिहायला हवं होतं.

साहेबांना दुसऱ्या फळीबद्दल सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, “तू तिला नेमकं काय लिहिलं होतंस?” मी पत्राची नक्कल दाखवली. त्यांनी ती वाचली आणि परत दिली.

पहिल्या पायाबद्दल तू मला कधी सांगितलं नव्हतंस. त्यावर काय लिहायचं ते मला सुचत नाही. पण वाचलं.

प्रयोग सुरू कर. महिन्याने बोलू.

तुझी,
मोजपट्टी

~

३ मार्च

चि. मोजपट्टी,

प्रयोग बंद केला.

पहिले दहा-बारा दिवस सगळे खूश होते. फळी रिकामी झाली, दुसऱ्या फळीवर तर लोक डबे ठेवायला लागले. मीही म्हटलं, पोरगी हुशार आहे. मग सोमवारी आमचे पोस्टमन आले. म्हणजे आले कसले, मुलाच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उड्या मारत आले. नवा पाय हातात. सॉकेटने आतल्या बाजूला इतकं घासलंय की जखम झाली. डॉक्टर म्हणाले महिनाभर पाय घालायचा नाही. दिवसभर चालायचं ज्याचं काम, तो माणूस घरी बसलाय. आणि वर मलाच म्हणतो, “ताई, माझंच चालणं वाकडं असेल.” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो पाय मी पाहिला नव्हता. पाहिला असता तर गेला नसता. बस्स.

आता चष्मेवालीचं ऐक. तुला आमची एक पद्धत माहीत नाही, बाहेरच्यांना सांगत नाही आम्ही. पूर्वी एकदा एका शिकाऊ पोराला साचेवाल्या दादांची चूक दिसली होती, पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं म्हणून तो गप्प बसला. तेव्हापासून मी नियम केला. पाय पटला नाही तर बोलायचं नाही, तो फळीवर उलटा ठेवायचा. तळवा वर. कोणी ठेवला हे कोणी विचारायचं नाही. मी फेरीला आले की बघते, आणि मग ज्याचं त्याला बाजूला घेऊन विचारते. सव्वीस वर्षांत या फळीवर भांडण झालेलं नाही.

तर ही म्हणते, “पोस्टमनचा पाय मी उलटा ठेवला होता. पुढे तो सरळ दिसला. मला वाटलं तुम्ही पाहिलात आणि तुम्हाला योग्य वाटला, म्हणून गप्प बसले.” मी त्या पायाला हातसुद्धा लावलेला नाही! सरळ तोंडावर खोटं. चूक झाली तर झाली म्हणावं, माझ्यावर कशाला ढकलायची? सगळ्यांसमोर बोलले तिला. बारा वर्षांत पहिल्यांदा. तिने चष्मा पुसला, डबा उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. दादा म्हणतात हॉस्पिटलवाल्यांनी तिला कधीपासून बोलावलंय, ती जात नव्हती. आता जाईल. जाऊ दे.

तुझा दोष नाही. तू बाहेरून बघतेस, तुला वाटणारच. पण आता तूच सांग, मी न तपासता चालेल का?

आत्या

~

६ मार्च

ती. आत्या,

ती खरं बोलते आहे. माझं २ फेब्रुवारीचं पत्र काढ आणि ता. क. वाच.

ते पाय मी सरळ केले. का उलटे आहेत हे मी कोणाला विचारलं नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने माझं कारण बरोबर होतं आणि बाकी सगळ्या दृष्टींनी चुकीचं. पोस्टमनकाकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. चष्मेवालीचा पत्ता माझ्याकडे नाही, पण तिला माझं पत्र जाऊन उपयोगही नाही. तिला तू बोललीस. सगळ्यांसमोर बोललीस.

आता जे लिहिते ते मी फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. तेव्हा ‘रांग फळीपाशी लागते’ असं लिहिलं, कारण ते वाक्य खरं होतं आणि तुला लागणारं नव्हतं. रांग फळीपाशी लागत नाही, आत्या. तुझ्यापाशी लागते. पाय फळीवर तुझी वाट पाहतात. तू रोज येतेस, पण रोज विश्वस्त, हॉस्पिटल, डॉक्टर, सुतार सगळेच तुझ्याकडे येतात, आणि फेरी आठवड्यावर जाते, मग महिन्या-दोन महिन्यांवर. त्या मुलीचा पाय आखूड झाला तो कुठे झाला, तू स्वतः शोध. मी शोधला आहे. तो पाय सप्टेंबरमध्ये तयार होता.

तू विचारतेस, मी न तपासता चालेल का. जे घडलं ते पुन्हा नीट बघ. तुमच्यातल्या एका माणसाने ती चूक वेळेत पकडली होती. तू न बघता पकडली होती. तुझी पद्धत चालली. ती मोडली बाहेरून आलेल्या एका मुलीने, जिला नीटनेटकं ठेवायची हौस होती. ज्या प्रसंगावरून तू म्हणतेस की तुझ्याशिवाय चालणार नाही, तोच प्रसंग चालेल असं सांगतो आहे.

हॉस्पिटलला हो म्हणायचं की नाही, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की पाय पाठवायचा निर्णय तुझ्याशिवाय कोणी घ्यायचा. ज्या मुलीने तो घ्यावा असं मला वाटत होतं, ती डबा उचलून गेली.

तुझ्या पहिल्या पायाबद्दल वाचल्यावर हे लिहिणं मला अवघड गेलं. तरी लिहिलं. साहेबांना मी हो म्हटलं होतं.

तुझी,
मोजपट्टी

~

२० मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र नाही. बाबा म्हणतात तू फोनवर हवापाण्याचं बोलतेस आणि माझा विषय निघाला की दूध उतू जातं.

मुदत संपायला दहा-अकरा दिवस आहेत. तुला हवं असेल तर माझ्याऐवजी साहेब येतील. ते माझ्यापेक्षा गोड बोलतात. तसं एका ओळीत कळव.

रागावली असशील तर तेही कळव. मला अंदाज बांधता येत नाही, कारण माहिती अपुरी आहे.

मोजपट्टी

~

२ एप्रिल

चि. मोजपट्टी,

माहिती अपुरी आहे म्हणे! मेली मोजपट्टी ती मोजपट्टीच. रागावले होते. पुष्कळ रागावले होते. तुझं पत्र फाडणार होते, मग वाटलं, ता. क. आधी वाचावं. एकदा न वाचल्याने काय झालं ते पाहिलंच होतं.

पहिले काही दिवस मी दोष शोधत होते, तुझ्यात. तुझ्यात पुष्कळ आहेत, लिहून काढले तर वही पुरणार नाही. मग एका दुपारी त्या मुलीच्या पायाचा कागद काढला. सप्टेंबर. तू म्हणालीस तेच. त्या महिन्यात मी काय करत होते आठवून पाहिलं. आठवेना. इतकं महत्त्वाचं काय होतं, तेसुद्धा आठवेना.

चष्मेवालीच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर राहते, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. जिना चढताना माझा पाय असा काही करकरत होता, की मी पोचायच्या आत तिने दार उघडलं. म्हणाली, “ताई, आवाजावरून कळलं. बसा आधी.” मी उभ्यानेच म्हटलं, तू खरं बोलत होतीस, मी चुकले. तीही उभीच. मग म्हणाली, “तुमचं सॉकेट सैल झालंय. दोन वर्षं ऐकतेय मी. कुणाचाही पाय असता तर उलटा ठेवला असता. तुमचा कसा ठेवू?”

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. असो.

हॉस्पिटलमध्ये तिने होकार कळवलेला नव्हता. मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, “येऊन काय करू? तुमची वाट बघत बसू?” तुझी भाषा बोलते ही! तुम्ही दोघी आधी भेटून ठरवून आलात की काय?

पंचवीस तारखेला बैठक घेतली. विश्वस्त आणि वर्कशॉपमधले सगळे, एकाच टेबलाभोवती. हे आमच्याकडे पहिल्यांदाच. अध्यक्षांच्या शेजारी पट्टेकाम करणारे काका, दोघंही अवघडलेले. मी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं. मुलांचे पाय आपण करायचे, मापानेच, आणि आधी. मोठ्यांना तयार मापाचे पाय हॉस्पिटलने त्यांच्याकडे बसवावेत, ज्यांना ते नीट बसणार नाहीत त्यांनी आपल्याकडे यावं. तयार पाय पाठवायचा निर्णय चष्मेवालीचा. प्रत्येकाला एकेक प्रत दिली. म्हटलं, मी बाहेर जाते. पटलं तर कागद सरळ ठेवा, नाही पटलं तर उलटा. तोंडाने बोलायची सक्ती नाही.

बाहेर बाकावर बसले. सव्वीस वर्षांत त्या बाकावर मी कधी बसले नव्हते, लोक बसतात. फार कडक आहे. बदलायला हवा.

आत गेले तर एक सोडून सगळे कागद सरळ. उलटा कोणाचा, हे विचारायचं नाही असा माझाच नियम. शेवटी साचेवाले दादा स्वतःच बोलले, सगळ्यांसमोर. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणाले, “ताई, सगळं ठीक लिहिलंय. पण यात तुम्ही काय करणार ते लिहिलेलंच नाही. तुम्ही घरी बसणार असाल तर मला मान्य नाही.”

मला खरंच सुचलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की मी पानावर नाही.

मग चष्मेवाली म्हणाली, “पाय घेऊन गेलेल्यांकडे महिन्याने कोणी जात नाही. कोणाला टोचतंय, कोण सवय होईल म्हणून गप्प बसलंय, आपल्याला कळत नाही. ताईंना कळेल.” एवढंच बोलली आणि चष्मा पुसायला लागली. ती ओळ पानावर चढली. दादांनी आपला कागद सरळ केला. मग अध्यक्षांनी विचारलं, “सोमवारपासून?” आणि तुझी शप्पथ, कोणी गप्प बसलं नाही, सगळे एकदम बोलायला लागले.

हॉस्पिटलला उत्तर मुदतीत गेलं.

पोस्टमनची जखम भरतेय. तुझं पत्र त्यांना पोचलं. म्हणाले, माझ्या नावाचं पत्र घरी पोचवायला दुसरा पोस्टमन आला, मजा वाटली.

तुमच्या साहेबांना सांग, तिला खरं बोलता येतं. गोड बोलायला मात्र कोणीतरी शिकवा.

आत्या

~

९ एप्रिल

ती. आत्या,

पत्र साहेबांना वाचून दाखवलं. शेवटची दोन वाक्यं त्यांनी स्वतः मोठ्याने वाचली.

अहवाल सोबत पाठवते आहे. त्यात माझी चूक तिसऱ्या पानावर, तुझ्या उशिराच्या अगदी आधी लिहिली आहे. तो क्रम मुद्दाम ठेवला आहे, आधी स्वतःचं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू बाकावर बसलीस तो भाग तीनदा.

तुझ्या पायाचं काय?

तुझी,
मोजपट्टी

~

२८ जून

चि. मोजपट्टी,

उशीर झाला. घरोघर फिरतेय. एका आजोबांनी पाय खुंटीला टांगून ठेवलाय, म्हणतात, पाहुणे आले की घालतो. टोचतो म्हणून सांगायची लाज वाटत होती. परत घेऊन आले. अशी बरीच निघतील.

ती पोरगी आठवते, आखूड पायाची? तिचं माप पुन्हा घेतलं आणि चार आठवड्यांत पाय घरी गेला. मी जाऊन बघून आले. तिची आई या वेळी बोलली. म्हणाली, “पळते हो, हाका मारून घसा दुखतो माझा.”

तुझा अहवाल वर्कशॉपमध्ये दुसऱ्या फळीवर ठेवलाय. परवा बघते तर उलटा! चष्मेवालीला विचारलं नाही, नियम आहे. तीच आली. म्हणे सातव्या पानावरचा हिशेब मुलांना लागू पडत नाही, पावसाळ्यात शाळेतून येताना ती पाय भिजवतात, दुरुस्त्या वाढतात. तुला कळवणार आहे ती. वाईट वाटून घेऊ नकोस. परक्याची वस्तू कोणी उलटी ठेवत नाही.

आणि हो, माझा पाय झाला. रांगेतूनच, माझा नंबर आल्यावर. तिने केला. द्यायला आणला तेव्हा माझा हात आपोआप कडेवर फिरायला गेला, तो मी मागे घेतला. तपासला नाही. घातला आणि चालले.

अजिबात वाजत नाही. त्याची वेगळीच पंचाईत. काल दुपारी वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहिले आणि कोणाला पत्ताच नाही. आत दादा आणि चष्मेवाली तावातावाने भांडत होते. एका छोट्या पावलाच्या कोनावरून. दादा म्हणतात थोडा बाहेर, ती म्हणते सरळ. दोघांनी तो पाय मध्ये धरलेला, एकाने टाचेकडून, एकीने सॉकेटकडून. बाकीचे काम सोडून ऐकत होते, मध्येच मतं देत होते. माझ्याकडे कोणी वर पाहिलं नाही. कोण बरोबर होतं ते मला दारातूनच दिसत होतं.

जशी आले तशीच मागे फिरले.

सुट्टी काढून ये. पांघरूण पातळ काढून ठेवते. फळीला मात्र हात लावायचा नाही.

आत्या